घाट चढून आलेली मांदेली

नगरचा इतिहास सांगायला बसलं की आपण सगळेच किल्ल्यापासून सुरुवात करतो. मग चांदबिबी येते, मलिक अंबर येतो, १९४२ साली त्याच किल्ल्यात ठेवलेले नेहरू आणि मौलाना आझाद येतात. हे सगळं सांगायलाच हवं. पण आज मी तुम्हाला बोटभर लांबीच्या एका माशाबद्दल सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, नगरचा आणि माशाचा काय संबंध? आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. नगर शहरापासून सरळ रेघ मारली तरी किनारा सुमारे दोनशे किलोमीटरवर. मधे सह्याद्रीची भिंत. तरीसुद्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडे बाजारात जा. कांदे-बटाट्यांच्या राशी संपल्या, दोरखंड-विळे-खुरपी विकणारे मागे पडले, की बाजाराच्या टोकाला, जरा वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पोत्यावर मांडलेल्या सुक्या मासळीच्या राशी दिसतातच. सुकट, बोंबील, वाकट्या आणि त्यांच्या शेजारी पिवळसर झाक असलेली, वाळून कडक झालेली मांदेली.

या मांदेलीला मी नगरच्या इतिहासाचं एक न लिहिलेलं पान मानतो. ते पान आज वाचू या.

आधी माशाची ओळख. मांदेली ओली पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अंग सोनेरी, पोटाखाली मोत्यांसारख्या चमकत्या ठिपक्यांच्या ओळी, आणि शेपटाकडे निमुळती होत गेलेली सुरीच्या पात्यासारखी काया. इतर माशांच्या शेपटीला कशी दोन पाती फुटतात, तशी हिची दुभंगत नाही. पोटाखालचा पर लांबत जाऊन शेपटीला मिळतो. मोठी झाली तरी वीतभर. ती एकटी राहत नाही, थव्याने राहते. खोल समुद्राची तिला ओढ नाही. किनाऱ्यालगतचं गढूळ पाणी आणि खाड्यांची मुखं हे तिचं गाव. जवळा नावाची जी बारीक कोलंबी, तीच जी वाळली की आपण सुकट म्हणून खातो, ती मांदेलीचा मोठा आहार. म्हणजे बाजारात शेजारी शेजारी मांडलेल्या दोन राशींतली एक पाण्यात असताना दुसरीला खात होती. आणि बोंबील हा त्या दोघींच्या शेजारपाजारचाच. तिघंही एकाच पाण्यात, पुष्कळदा एकाच जाळ्यात सापडणारे.

त्या जाळ्याचं नाव डोल. मुंबई, ठाणे, पालघर, रायगडचे आणि पुढे गुजरातचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या ती वापरत आले आहेत. डोल म्हणजे एक भलीमोठी लांबट पिशवी. तोंड रुंद, शेपूट अरुंद, तोंडाकडे जाळीची भोकं मोठी आणि शेपटाकडे अगदी बारीक. समुद्रात किंवा खाडीत लाकडाचे लांब खुंट तळात ठोकून ही पिशवी त्यांना बांधायची, तोंड प्रवाहाकडे करून. बाकीचं काम भरती-ओहोटी करते. पाणी धावतं आणि पाण्याबरोबर वाहणारे लहान थवे पिशवीत शिरतात. पाणी थांबलं की डोल उचलायची. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात, म्हणून मासळी जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग लागते, प्रवाह मंद, म्हणून हात रिकामे. खाडीतल्या लहान डोलीला बोक्षी म्हणतात. ही मासेमारी माशाच्या मागे धावत नाही. ती पाण्याचं वेळापत्रक पाठ करून एका जागी उभी राहते.

त्या एका जागी उभ्या असलेल्या खुंटांनी एकदा जगाच्या इतिहासात हात घातला आहे, आणि तो प्रसंग नगरच्या निजामशाहीच्या हद्दीत घडला.

१४९० साली मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि स्वतंत्र राज्य मांडलं. तेव्हा त्याची राजधानी जुन्नर होती. सीना नदीच्या काठी नगर शहर वसायला सुरुवात झाली ती १४९४ मध्ये. जुन्नर नाणेघाटाच्या माथ्यावरचं. तिथून खाली कोकण दिसतं, आणि कोकण दिसलं की समुद्र हवासा वाटतो. निजामशाहीला समुद्र हवा होता तो घोड्यांसाठी. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून येणाऱ्या घोड्यांशिवाय दख्खनमधलं कुठलंच राज्य उभं राहू शकत नव्हतं. ते घोडे उतरत चौलला. आजच्या रायगड जिल्ह्यात, कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, रेवदंड्याच्या शेजारी हे चौल. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या लिखाणातही त्याचं नाव आहे. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी तिथे आला, तेव्हा मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती त्याला तिथे आढळली. नगर शहराचा पहिला दगड बसायच्या आधी चौल हजार-दीड हजार वर्षांचं जुनं बंदर होतं. तेच अहमद निजामशहाचं बंदर झालं.

मार्च १५०८. पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा, त्याचा मुलगा लोरेन्सो कोचीनच्या व्यापारी जहाजांना सोबत करत चौलच्या खाडीत नांगर टाकून होता. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली त्याच्यावर चालून आलं, आणि दीवचा मलिक अयाज आपली गलबतं घेऊन त्याला मिळाला. लढाई झाली. पोर्तुगीजांनी खाडीतून बाहेर पडायचं ठरवलं. बाकीची जहाजं निघाली, पण लोरेन्सोच्या जहाजाला भोक पडलं होतं, पाणी आत येत होतं, आणि ते वाहत जाऊन अडकलं. कशात अडकलं? कोळ्यांनी मासेमारीसाठी खाडीत ठोकलेल्या खुंटांत. सोबतच्यांनी ओढून काढायचा प्रयत्न केला, तो साधला नाही. लोरेन्सो तिथेच मारला गेला. मुलाच्या मृत्यूने पेटलेल्या बापाने पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, दीवपाशी ते सगळं संयुक्त आरमार बुडवलं. त्यानंतर शतकभर हिंदी महासागरावर पोर्तुगीजांचा वचक राहिला.

आता त्या खुंटांचा विचार करा. ज्या कोळ्यांनी ते ठोकले, त्यांच्या मनात ना मामलुक होते, ना पोर्तुगीज, ना निजामशहा. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरणाऱ्या लहान मासळीसाठी ते ठोकलेले होते. तोफा, तलवारी, दोन खंडांची आरमारं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला रोजच्या कालवणासाठी चिखलात रोवलेलं लाकूड. त्या दिवशी लाकूड भारी पडलं. त्या कोळ्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. लोरेन्सोचं नाव मात्र चारशे-पाचशे वर्षं छापलं जातं आहे.

पुढच्या शंभर वर्षांत नगरच्या सुलतानांनी चौलसाठी काय काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना रेवदंड्याला कोट बांधायची परवानगी दिली. घोड्यांचा व्यापार हवा होता, म्हणून दिली. पाव्हणा घरात आला आणि घरमालक झाला. १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहा मोठी फौज घेऊन घाट उतरला आणि त्याने रेवदंड्याला वेढा घातला. त्याच वेळी विजापूरचा अली आदिलशहा गोव्यावर चालून गेला होता. वेढा सुमारे सहा महिने चालला. जमिनीकडून कोंडी होती, पण समुद्र उघडा होता. पोर्तुगीजांना दाणागोटा आणि माणसं पाण्यावरून येत राहिली. इतिहासकार फिरिश्ता, ज्याचं तरुणपण नगरच्या दरबारात गेलं, तो तर लिहितो की निजामशाही सरदार पोर्तुगीजांनी पाठवलेल्या मद्याच्या नजराण्यांना वश झाले. १५७१ साली तह झाला, वेढा उठला. मग १५९४. दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने खाडीच्या पलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर मजबूत किल्ला बांधला, तिथून तोफा डागल्या, आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो किल्लाच घेतला. १६३६ साली निजामशाही संपली आणि कोकणचा तो भाग आदिलशाहीकडे गेला.

थोडक्यात सांगायचं तर नगरच्या गादीने किनारा मिळवला, समुद्र तिला कधी मिळाला नाही. ज्यांच्याकडे हत्ती होते, तोफा होत्या, त्यांना समुद्र घाटावर आणता आला नाही. तो आणला दुसऱ्याच लोकांनी. कसा, ते आता सांगतो.

नगर वसण्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी, १४६९ च्या सुमारास, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि एक घोडा घेऊन जुन्नरला निघाला. आपल्या टिपणांत त्याने वाटेतले दिवस मोजून ठेवले आहेत: चौल ते पाली आठ दिवस, पालीपासून उमरीपर्यंत दहा, तिथून जुन्नरला सहा. चोवीस दिवस झाले. आज मोटारीने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. निकितीन मुक्काम करत रमतगमत गेला असेल असं धरलं, तरी त्या काळी खाली कोकणातून वर देशावर यायला बैलाच्या पावलाने कित्येक दिवस लागायचे हे उघड आहे. ताजी मासळी एका दिवसात खराब होते. मांदेली तर नाजूक, दुपारपर्यंतच पोट फुटतं तिचं. मग समुद्राची चव घाट चढणार कशी?

याचं उत्तर किनाऱ्यावरच्या बायकांनी शोधलं, आणि ते उत्तर म्हणजे ऊन.

डोलीतून आलेली मासळी किनाऱ्यावर ओतली की पुरुषांचं काम संपतं, बायकांचं सुरू होतं. निवडायचं, धुवायचं, वाळत घालायचं. बोंबील बांबूंच्या वलांडीवर जोडीजोडीने टांगायचे. जवळा आणि मांदेली खळ्यावर पसरायची, उलथीपालथी करायची, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करायची. वर घारी-कावळे, खाली मांजरं-कुत्री, मधे बाई काठी घेऊन. दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात पाणी उडून जातं, आणि तीन-चार किलो ओल्या मांदेलीची साधारण किलोभर सुकी होते. वजन कमी, टिकाऊपणा महिन्यांचा. बैलाच्या पाठीवर लादायला याहून सोयीचं काय असणार!

यात एक बारकावा आहे. मोठी मासळी टिकवायला मीठ लागतं. ही लहान मासळी उत्तर कोकणात मिठाशिवायच वाळवतात. तिची अंगकाठी इतकी पातळ की ऊन आणि वारा पुरतो. मिठावर राज्यकर्त्यांची नजर जुन्या काळापासून होती; इंग्रजांनी तर त्यावर असा कर बसवला की १९३० साली गांधीजींना दांडीपर्यंत चालत जावं लागलं, आणि तो कर उठायला १९४७ साल उजाडलं. उन्हावर कर बसवणं मात्र कुठल्याच सरकारला जमलं नाही. म्हणून मांदेली गरिबाला परवडली.

घाटवाटांचं गणित साधं होतं. वरून ज्वारी-बाजरी, डाळी, मिरची, गूळ खाली जायचा. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची. बंजाऱ्यांचे तांडे आणि गावोगावचे वाहतूकदार बैलांवर गोण्या लादून ही ये-जा करत. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातला शिलालेख आहे आणि वाटेवर दगडी रांजण आहे. जकातीचा रांजण म्हणून तो लोकांच्या तोंडी आहे. माथ्यावर जुन्नर, पुढे आळे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी आणि मग नगर. आजचा कल्याण-नगर रस्ता माळशेज घाटातून येतो, पण माथ्यावर आला की तोही याच गावांवरून जातो. १८५४ साली आगगाडी कल्याणला पोचली, १८६३ मध्ये ती बोरघाट चढली, आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू होऊन नगरला स्टेशन मिळालं. तेव्हापासून बैलांचे तांडे हळूहळू हटले आणि चोवीस दिवसांची वाट एका रात्रीवर आली. आता बर्फात ठेवलेली ताजी मासळीसुद्धा नगरला मिळते. पण सुक्या मासळीचं गिऱ्हाईक काही कमी झालं नाही. कारण तिची गरज अंतरामुळे लागली, तरी तिची सवय जिभेला लागली होती.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, ही गोष्ट आणखी जवळची होते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली कोकणातली गावं दिसतात. इथले महादेव कोळी डोंगरातले, आणि डोल लावणारे सोनकोळी समुद्रातले. दोघांच्या नावात कोळी. एकाच्या पायाखाली कातळ, दुसऱ्याच्या पायाखाली पाणी. पावसाळ्यात जेव्हा या डोंगरात दिवसेंदिवस बाहेर पडता येत नाही, तेव्हा चुलीवरच्या मडक्यात सुकट-मांदेली हाच आधार असतो.

इथे मला एक साल आठवतं, १८४८. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे, इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध उठलेले महादेव कोळ्यांचे नायक, त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. ठाणं खाडीकाठचं गाव. आणि त्याच १८४८ साली पॅरिसमध्ये व्हॅलेन्सिएन्स नावाच्या शास्त्रज्ञाने माशांवरच्या ग्रंथात मांदेलीला शास्त्रीय नाव दिलं: कोइलिया दुसुमिएरी. दुसुमिए हा फ्रेंच व्यापारी. हिंदी महासागरात फिरताना त्याने माशांचे नमुने गोळा करून पॅरिसला पाठवले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण इतिहास कसा नोंदला जातो, ते या सालातून मला कळतं. हजारो वर्षं जिला कोळणींनी हाक मारली, ती मांदेली एका परदेशी व्यापाऱ्याच्या नावाने विज्ञानाच्या वहीत गेली. आणि ज्या डोंगरातल्या माणसांनी आपल्या जमिनीसाठी जीव दिला, त्यांची नावं सरकारी दप्तरात दरोडेखोर म्हणून चढली. राघोजींचं नाव लोकांनी परत मिळवलं. लहान मासळीवर जगणाऱ्या माणसांचा इतिहास मात्र अजून बराचसा वासावरच चालतो.

हो, वास. त्याबद्दल बोलल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही.

आमच्या घरी मांदेली आली की दादी आधी डोकी मोडायची, मग तव्यावर कोरडीच भाजायची, मग लसूण-मिरची ठेचून तेलावर परतायची. सोबत बाजरीची भाकरी. हा वास भिंती ओळखत नाही. आमच्या चाळीत आम्ही मुसलमान, शेजारी माळी, पलीकडे बौद्ध, समोर मराठा. कोणाकडे तवा तापला ते सगळ्यांना कळायचं, आणि वाटीची ये-जा सुरू व्हायची. समोरच्या काकू श्रावण पाळायच्या. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी त्या दादीला म्हणायच्या, "आजी, आता महिनाभर तुमच्याकडनं वास येऊ देऊ नका, माझा जीव जातो." दादी हसायची आणि तो महिना खरंच तवा तापवायची नाही. ईद-दिवाळीच्या फराळाचं कौतुक सगळे करतात. मला मात्र माणसामाणसांतलं नातं त्या न तापवलेल्या तव्यात जास्त दिसतं.

पण याच वासाने माणसं वेगळीही काढली जातात. शाळेत माझा डबा उघडला की बाकावरची दोन मुलं सरकून बसायची. पुढे शहराच्या नव्या भागात भाड्याने खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकाने नाव विचारलं, आणि नावानंतर विचारलं, "सुकं-बिकं खाता का?" नावावरून नाही म्हणणं त्याला अवघड वाटलं असेल; माशावरून सोपं गेलं. खोली मिळाली नाही. आज शहरांतल्या सोसायट्यांत हा प्रश्न मुसलमानांनाच विचारतात असं नाही. कोळ्यांना, बौद्धांना, आदिवासींना, मराठ्यांनाही विचारतात. जे अन्न शेकडो वर्षं कोरडवाहू गरिबाच्या ताटात समुद्राची ताकद घेऊन आलं, काट्यासकट चावून खाल्लं म्हणून ज्याने हाडांना चुना पुरवला, त्या अन्नाची लाज वाटायला लावणं हा मला साधा शिष्टाचाराचा प्रश्न वाटत नाही. तो कोणाचा इतिहास घरात घ्यायचा आणि कोणाचा दाराबाहेर ठेवायचा, याचा प्रश्न आहे.

मी कविता लिहितो. मराठी कवितेत समुद्र पुष्कळ आहे, निळा, गंभीर, चांदण्यातला. नगरच्या बाजारातला समुद्र तसा नाही. तो राखट-पिवळा, खरखरीत, पोत्यावर पसरलेला आणि वाट्यावर विकला जाणारा आहे. ज्या आयाबायांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही, त्यांनी तो असा दर आठवड्याला पदरात बांधून घरी नेला. माझ्या दादीने समुद्र पाहिला नव्हता. पण मांदेली हातात घेऊन ती उन्हाने नीट वाळली आहे की पावसाळी हवेत ओल धरली आहे, हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. नीट वाळलेली मांदेली कट्‌ कन मोडते.

आता आजचं पाहू. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. चांगलं झालं, पापलेटची लहान पिल्लंच धरली जात असल्याने तो कमी होत चालला होता, त्याकडे लक्ष वेधलं गेलं. पण मोठ्या माशाला जसा मान असतो तसा कैवारीही मिळतो. मांदेलीला कोण विचारणार? बारीक जाळ्यांत तिची कोवळी पिल्लं सापडतात, आणि तिच्याबरोबर इतर मोठ्या जातींचीही पिल्लं येतात. खाड्यांत कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी उतरतं, भराव पडतात, तिवरं तुटतात; आणि मांदेली तर खाडीच्या तोंडाशीच राहणारी. वाळवायला लागणारी किनाऱ्यावरची मोकळी जागा मुंबईसारख्या ठिकाणी आक्रसत चालली आहे. त्यात भर म्हणजे हलक्या प्रतीची सुकी लहान मासळी आता दळून कोंबड्यांच्या खाद्यातही जाते. आमच्या जिल्ह्यात कुक्कुटपालन वाढलं आहे. म्हणजे मासळी घाट अजूनही चढते आहे, पण तिच्यातली काही माणसाच्या ताटाऐवजी खाद्याच्या गोणीत शिरते. कोंबडी खाणाऱ्याला ते स्वस्त पडतं. मासळी खाणाऱ्याला महाग.

कोळी स्वतः या गोष्टी जाणतात. भांगेच्या दिवसांत डोल विसावते, पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय नवा हंगाम उघडत नाही. या रिवाजांत माशाला श्वास घ्यायला सवड ठेवलेली होती. पावसाळ्यातली मासेमारीबंदी आज सरकारी कायद्याने होते. तिच्या मुळाशी असलेला समंजसपणा कायद्याहून जुना आहे. जाळ्याच्या भोकाचा आकार हा लहानसा विषय वाटतो. पण त्या भोकातून किती पिल्लं निसटून परत पाण्यात जातात, यावर पुढच्या वर्षी घाट चढून वर काय येणार ते ठरतं.

माझं मागणं फार मोठं नाही. शाळेच्या सहली नगरचा किल्ला पाहायला येतात. मुलांना तिथे चांदबिबीची हिंमत जरूर सांगा. त्याबरोबर हेही सांगा, की या किल्ल्यातल्या राज्यकर्त्यांना जो समुद्र शंभर वर्षं लढून राखता आला नाही, तो काही बायकांनी उन्हात वाळवून आणि काही बैलवाल्यांनी पाठीवर लादून या गावात आणला, आणि तो अजून येतो आहे. निजामशाही गेली, मोगलाई गेली, पेशवाई गेली, इंग्रज गेले. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. यातल्या प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी बाजार भरलाच, आणि बाजाराच्या टोकाला मांदेलीची रास होतीच.

पुढच्या बाजारी त्या टोकाला गेलात तर नाकाला रुमाल लावू नका. पोत्यामागे बसलेल्या मावशींना विचारा, हा माल कुठनं आला? त्या एखाद्या बंदराचं नाव सांगतील, मुंबईकडचं, कोकणातलं, कधी गुजरातमधलं. ते नाव नीट ऐका. त्या नावापासून तुमच्या भाकरीपर्यंत आलेली वाट आपल्या गावाच्या वेशीहून जुनी आहे.